दोन रात्री, एकच गाव: कॉट्सवोल्ड्सची पहिली सहल दोघांनी कशी आखावी

इंग्लंडमधल्या रेडिंग, स्लाऊ, मिल्टन कीन्स या भागांत नव्याने आलेली मराठी जोडपी ओळख झाली की थोड्याच दिवसांत विचारतात, "दोन दिवस कुठेतरी शांत जायचंय, फक्त आम्ही दोघं. कुठे जाऊ?" या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी मनापासून देते, कारण आठ वर्षांपूर्वी तो माझाही प्रश्न होता. मी डिपेंडंट व्हिसावर आले होते. नवरा सकाळी साडेसातला बाहेर पडायचा आणि अंधारात परत यायचा. दिवसभर मी, हीटर आणि खिडकीवरचा पाऊस. एकमेकांशी बोलायचो ते भाड्याचं, बिलांचं आणि भाजी काय करायची याचं.

कॉट्सवोल्ड्सच्या पहिल्या सहलीला आम्ही भाड्याची गाडी घेतली आणि एका दिवसात सात गावं केली. घरी आल्यावर फोटो पाहिले तर निम्मे पार्किंगमधले होते, आणि दिवसभरात आम्ही एकमेकांशी बोललो ते "डावीकडे घे", "अरे, चुकलं" एवढंच. दुसऱ्या वेळी एकाच गावात दोन रात्री राहिलो, गाडी घेतली नाही, पायी फिरलो. त्या दोन दिवसांत लग्नानंतर पहिल्यांदाच निवांत बोललो असं मला वाटतं. म्हणून या लेखातला सगळा सल्ला एकाच गोष्टीभोवती आहे: गाव एक, रात्री दोन, आणि दिवसाला एकच मोठं काम.

आधी गाव पक्कं करा

कॉट्सवोल्ड्स हे एक गाव नव्हे. ऑक्सफर्डच्या पश्चिमेपासून खाली बाथपर्यंत पसरलेला तो टेकड्यांचा पट्टा आहे, सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचा, १९६६ पासून संरक्षित. जमिनीखाली मधाच्या रंगाचा चुनखडक आहे आणि घरं, चर्च, शेतांची कुंपणं सगळी त्याच दगडाची. मध्ययुगात हा भाग मेंढ्यांच्या लोकरीवर श्रीमंत झाला. पुढे लोकर-कापडाचा धंदा यंत्रांच्या मागे उत्तरेकडे गेला, इथला पैसा आटला आणि जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे काही उरलं नाही. आज आपल्याला जे देखणं दिसतं ते त्या पडत्या काळाने राखून ठेवलेलं आहे.

फोटोंमुळे सगळे बायबरी आणि बोर्टन-ऑन-द-वॉटरला धावतात. बायबरीतली आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ चौदाव्या शतकातली, मूळची लोकरीचं कोठार. सुंदर आहे यात शंका नाही. पण शनिवारी दुपारी तिथे आपल्या गणपतीच्या देखाव्यापुढे असते तशी रांग असते. दोघांना निवांतपणा हवा असेल तर शनिवार-रविवारी ही दोन्ही गावं सोडून द्या.

माझी शिफारस चिपिंग कॅम्पडनची. 'चिपिंग' म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार. आपल्याकडे गावाच्या नावात 'पेठ' येतं तसंच. एक लांब, किंचित वळत जाणारा मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी घरं, पाच-सहा पब, एक मोठं चर्च. रेल्वे स्टेशन नाही, पण मोरटन-इन-मार्श स्टेशनवरून बस आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गावाच्या दारातूनच पायवाटा सुरू होतात. 'कॉट्सवोल्ड वे' ही १०२ मैलांची, थेट बाथपर्यंत जाणारी वाट इथूनच निघते.

मग तारीख

माझ्या मते सर्वांत चांगला काळ मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतचा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर जंगलात ब्लूबेल्सचा निळा गालिचा मिळतो. मे महिनाभर कुंपणांवर पांढरा हॉथॉर्न फुललेला असतो. जूनच्या शेवटी सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. जेवण झाल्यावर दोघं शेतांतून फिरायला जायचं आणि उजेड संपतच नाही. हा अनुभव आपल्याकडे घेता येत नाही आणि मला तरी कुठल्याही किल्ल्या-राजवाड्यापेक्षा तो जास्त रोमँटिक वाटतो. जुलैमध्ये स्नोशिलजवळ लॅव्हेंडरची शेतं फुलतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हाही काळ छान, गर्दी ओसरलेली आणि पानं रंगलेली.

डिसेंबरात चार वाजायच्या आत अंधार पडतो. पण पबमध्ये शेकोटीशेजारचं टेबल मिळालं तर तीही मजा आहे, आणि खोल्याही स्वस्त असतात. फक्त चालण्याचे बेत दुपारी तीनपर्यंत आटोपतील असे ठेवा.

टाळायच्या तारखा: मेचा पहिला आणि शेवटचा सोमवार व ऑगस्टचा शेवटचा सोमवार, म्हणजे बँक हॉलिडेचे (सार्वजनिक सुट्टीचे) शनिवार-रविवार. मार्चच्या मध्यात चेल्टनहॅमला घोड्यांच्या मोठ्या शर्यती असतात. त्या आठवड्यात आसपासच्या खोल्या भरतात आणि दर चढतात. रजा मिळत असेल तर रविवार-सोमवार रात्री राहा. तीच खोली शुक्रवार-शनिवारपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि गाव जवळजवळ तुमचं एकट्याचं असतं. मात्र रविवारी बस फार कमी असतात, म्हणून गाव गाठायला टॅक्सी लागू शकते हे गृहीत धरा.

खोली घेताना

तीन पर्याय असतात. बी अँड बी म्हणजे कुणाच्या तरी घरातली खोली आणि सकाळचा भरपेट नाश्ता. पबवरच्या खोल्या, खाली जेवण आणि वर झोप. आणि तिसरं, स्वतः स्वयंपाक करायचं कॉटेज. पहिल्या सहलीला कॉटेज घेऊ नका. बहुतेक ठिकाणी किमान तीन रात्रींची अट असते, आणि ओटा समोर दिसला की आपल्यापैकी एकजण पोळ्या लाटायला उभं राहतं. दोन दिवस तरी ते नको.

बुकिंग करताना एक शब्द नीट वाचा. 'डबल' म्हणजे एक मोठा पलंग, 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे छोटे पलंग. आमच्या ओळखीचं एक नवं जोडपं लग्नाच्या वाढदिवसाला गेलं आणि दोन रात्री खोलीच्या दोन टोकांना झोपलं. 'ऑन स्वीट' असं लिहिलं असेल तर बाथरूम खोलीतच असतं. ते लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या. जुन्या घरांत जिने अरुंद आणि तुळया खाली आलेल्या असतात, तेव्हा मोठी चाकांची बॅग नेऊ नका.

कॅम्पडनसारख्या गावात चांगल्या खोलीला एका रात्रीचे शंभर ते दीडशे पाउंड धरून चला, नाश्त्यासह. खोली सहसा दुपारी तीन-चारनंतर मिळते. किती वाजता पोचणार ते यजमानांना आधी कळवा. हे हॉटेल नव्हे, दार उघडायला माणूस घरी थांबलेला असतो. काही विशेष असेल, लग्नाचा वाढदिवस, पहिलीच सहल, तर तेही संकोच न करता लिहा. आम्ही लिहिलं होतं. खोलीत गेलो तर खिडकीशी बागेतल्या गुलाबांचा लहानसा पेला ठेवलेला होता आणि शेजारी हाताने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी. ती चिठ्ठी अजून माझ्या कपाटात आहे.

तिकिटं, आणि गाडीविषयी थोडं

लंडन पॅडिंग्टनहून मोरटन-इन-मार्शला साधारण दीड तास ते पावणेदोन तास लागतात. हीच गाडी रेडिंग आणि ऑक्सफर्डला थांबते. तिकीट काढण्याआधी दोघांचं मिळून 'टू टुगेदर रेलकार्ड' काढा. ३५ पाउंडांत वर्षभर चालतं, दोघं एकत्र प्रवास करत असाल तर भाड्यात एक-तृतीयांश सूट मिळते. कार्डावर दोघांचे फोटो असतात, दोघांपैकी एक जरी गाडीत नसेल तरी ते चालत नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी वापरता येत नाही. दोन-तीन सहलींत पैसे वसूल होतात. विशिष्ट गाडीचं 'अ‍ॅडव्हान्स' तिकीट आठ-दहा आठवडे आधी पाहिलं तर आणखी स्वस्त मिळतं, पण मग तीच गाडी पकडावी लागते.

मोरटनहून कॅम्पडनची बस अर्ध्या तासाच्या आत-बाहेर पोचवते. बसचं वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा पाहा आणि शेवटच्या बसची वेळ कागदावर लिहून ठेवा. इथे शेवटची बस संध्याकाळी लवकरच जाते. ॲपवर टॅक्सी मागवायची सवय इथे कामाला येत नाही. दोन गाड्या असलेला गावातला कुणीतरी टॅक्सीवाला असतो आणि त्याला आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं. यजमानांकडे नंबर असतो.

गाडीच हवी असेल तर भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालवता येते. डावीकडूनच चालवायचं आहे, त्याची भीती नाही. सवय लागते ती अरुंद रस्त्यांची: दोन्ही बाजूंना उंच कुंपण, मध्ये एकच गाडी मावेल एवढी वाट, समोरून ट्रॅक्टर. मग कुणीतरी एकाने मागे जाऊन रस्त्याच्या रुंद जागेत थांबायचं, आणि जाताना दोघांनी हात उंचावून आभार मानायचे. हॉर्न वाजवायचा नाही. पण मी तरी म्हणेन की पहिल्या सहलीला गाडी नकोच. दोघांपैकी एकाचा सगळा जीव रस्त्यावर राहतो.

पोटाची सोय आधीच लावा

हा भाग नीट वाचा, कारण इथेच नवी माणसं अडकतात. खेड्यातल्या पबची दारं रात्री अकरापर्यंत उघडी दिसतात, पण स्वयंपाकघर नऊच्या सुमारास बंद होतं. दुपारी बारा ते अडीच आणि संध्याकाळी सहा ते नऊ, या वेळा डोक्यात ठेवा. मधल्या वेळेत अनेक ठिकाणी फक्त पेयं आणि पाकिटातले वेफर्स. रविवारी दुपारचं रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण, संपलं की काही ठिकाणी रात्री जेवणच नसतं. आम्ही पहिल्यांदा रात्री सव्वानऊला पोचलो, एका पबमध्ये "किचन बंद झालं" ऐकलं आणि खोलीवर जाऊन आईने दिलेला भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि दशम्या खाल्ल्या. त्या दिवसापासून बॅगेत कोरडी शिदोरी असतेच.

शनिवारच्या रात्रीचं टेबल खोलीबरोबरच राखून ठेवा. आतमध्ये "शेकोटीजवळ" किंवा "खिडकीशी" असं सांगितलं तर जमेल तेव्हा देतात. बऱ्याच पबमध्ये वेटर टेबलाशी येत नाही. आपण टेबलाचा आकडा पाहून बारवर जायचं, ऑर्डर द्यायची, तिथेच पैसे द्यायचे.

शाकाहारी मंडळींसाठी: आता जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दोन-तीन पदार्थ मिळतात, पण प्रश्न विचारावेच लागतात. भाजीच्या सूपचं पाणी चिकनचं असू शकतं. रोस्टबरोबरची ग्रेव्ही बहुधा मांसाची असते, वेगळी शाकाहारी मागा. काही ठिकाणी चिप्स (म्हणजे इथे बटाट्याचे फ्राइज) गोमांसाच्या चरबीत तळतात, त्याला 'बीफ ड्रिपिंग' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. चीज आवडत असेल तर या जिल्ह्याचं डबल ग्लॉस्टर चाखा, मात्र कडक शाकाहारी असाल तर वेष्टनावर शाकाहारी असल्याची खूण पाहून घ्या. आणि दुपारी चारला क्रीम टी: गरम स्कोन (छोटा केकसारखा पाव), घट्ट साय, स्ट्रॉबेरीचा जॅम आणि किटलीभर चहा. दोघांत एकच मागवला तरी कुणी काही म्हणत नाही.

पिशवीत काय

पाणी आत न येऊ देणारे चालायचे बूट, दोघांना रेनकोट (छत्री टेकडीवरच्या वाऱ्यात उलटते), जास्तीचे मोजे, चिवडा, थर्मास, वीसेक पाउंड सुटे. सुट्यांचं कारण असं की शेतांच्या फाटकांशी लाकडी पेट्या ठेवलेल्या असतात: सहा अंडी, जॅमची बाटली, ताज्या मटारची पिशवी, शेजारी पैसे टाकायचा डबा. बघायला कुणी नाही. आपण पैसे टाकायचे आणि अंडी घ्यायची, एवढाच व्यवहार. फोनला दऱ्याखोऱ्यांत रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी मुखपृष्ठाचा 'एक्सप्लोरर ओएल ४५' नकाशा घेतलात तर उत्तमच. त्यावर हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाटा.

पहिली संध्याकाळ: कुठेही जाऊ नका

पोचलात, चहा घेतलात, की फक्त गावाच्या रस्त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. मध्यावर १६२७ साली बांधलेला मार्केट हॉल आहे. चारी बाजूंनी कमानी, वर दगडी कौलं, आणि आत शेतकरी लोणी-चीज विकायला बसत ती ओबडधोबड दगडी जमीन. पावलांनी झिजून त्या दगडांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत, खाली बघून चाला. पुढे सेंट जेम्स चर्च. लोकरीच्या पैशातून उभी राहिलेली जी 'वूल चर्चेस' म्हणतात, त्यांतलं हे एक. आत वेदीपुढच्या फरशीवर विल्यम ग्रेव्हेल या लोकरीच्या व्यापाऱ्याची आणि त्याच्या बायकोची पितळेत कोरलेली आकृती आहे. तो १४०१ साली वारला. सहाशे वर्षं दोघं शेजारी-शेजारी, हात जोडून. माझा नवरा तिथे बराच वेळ काही न बोलता उभा राहिला होता.

दुसरा दिवस: कॅम्पडन ते ब्रॉडवे, पायी

सहा मैलांची चाल, म्हणजे नऊ-दहा किलोमीटर. रमतगमत, डबा खात चार तास धरा. सकाळी दहाच्या आत निघा.

गावाबाहेर पडून मैलभरात चढ चढलात की डोव्हर्स हिल लागते. इथे १६१२ पासून खेळांची जत्रा भरते, मधल्या काळात खंड पडला पण आता पुन्हा दर वर्षी मेअखेरच्या बँक हॉलिडेनंतरच्या शुक्रवारी भरते. तिच्यात एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारायची स्पर्धा असते, विजारीच्या पायांत पेंढा भरून. इतर दिवशी मात्र ही टेकडी अगदी शांत असते. कडेच्या बाकावर बसा. खाली इव्हशमचं खोरं, फळबागा, आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे माल्व्हर्न टेकड्यांची निळी कड. सह्याद्रीच्या कड्यावर उभं राहिल्यावर खाली कोकण दिसतं, तशी ही जागा आहे. फक्त उतार सौम्य, आणि समोर समुद्राऐवजी हिरवे चौकोन.

वाट चुकायची भीती बाळगू नका. खांबांवर पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मोकळी. कॉट्सवोल्ड वेसारख्या राष्ट्रीय वाटेवर ओकच्या फळाचं चिन्ह असतं. वाट खासगी शेतातून जाते म्हणून दचकू नका. या वाटांवरून चालायचा हक्क सगळ्यांना आहे. फाटक जसं सापडलं तसं सोडायचं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. गाईंबरोबर वासरं असतील तर मात्र त्यांच्या मधून जाऊ नका, कडेने लांबून वळसा घाला. आपल्याला गाय म्हणजे गरीब जनावर वाटतं, पण इथल्या वासरांच्या आया धावून येतात. खाजकोलतीसारखं नेटल पायाला लागलं तर जवळपास डॉकची रुंद पानं उगवलेली असतात; ती चुरगळून चोळायची पद्धत आहे.

या वाटेवर मला सगळ्यात आवडतं ते फाटक. 'किसिंग गेट' म्हणतात. कुंपणात अर्धगोल किंवा व्ही आकाराचा आडोसा, आणि त्याच्या आत झुलणारं लाकडी दार. आडोशात शिरायचं, दार आपल्याभोवती फिरवून घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं. एका वेळी एकच माणूस मावतं. मेंढी अडकते, माणूस सुटतो. दार दोन्ही बाजूंच्या खांबांना नुसतं टेकतं, बंद होत नाही, म्हणून हे नाव. पण गावोगावची रीत अशी की पुढे गेलेल्याने दार धरून ठेवायचं आणि मागच्याकडून पापी घेतल्याशिवाय सोडायचं नाही. पहिल्या फाटकाशी मला हे माहीत नव्हतं. मागून येणारं एक सत्तरीचं इंग्रज जोडपं थांबलं, आजींनी दार धरलं, आजोबांनी रीतसर दंड भरला, आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "आता तुमची पाळी." आपल्याकडे रस्त्यात हातही धरायचा नाही अशा घरात मी वाढलेली. पुढच्या वाटेवर अशी किती फाटकं आहेत ते मी नकाशात पाहू लागले.

शेवटच्या चढानंतर ब्रॉडवे टॉवर दिसतो. १७९८ साली लेडी कॉव्हेंट्रीसाठी जेम्स वायटने उभारलेला, वीसेक मीटर उंच, किल्ल्याच्या बुरुजासारखा. लढाईशी त्याचा संबंध नाही, केवळ दिसावा म्हणून बांधलेला. टेकडी ३१२ मीटरची, या पट्ट्यातली दुसऱ्या क्रमांकाची उंच जागा. तिकीट काढून वर जाता येतं. वारा नसेल तर जा. नाहीतर पायथ्याच्या हिरवळीवर डबा उघडा. इथून ब्रॉडवे गावापर्यंत तीव्र उतार आहे, ओल्या गवतावर घसरायला होतं, तेव्हा बुटांच्या नाड्या बांधून, दमाने उतरा. खाली पोचलात की क्रीम टीची वेळ झालेलीच असते. परतीची बस चुकवू नका. ती चुकली तर पुन्हा तो चढ आहे.

चालणं झेपणारं नसेल तर याच दिवशी टॅक्सीने हिडकोटला जा. कॅम्पडनपासून चार मैलांवर लॉरेन्स जॉन्स्टन या माणसाने १९०७ पासून घडवलेली बाग आहे. उंच कुंपणांच्या भिंती घालून त्याने बागेच्या खोल्या केल्या. एकीतून दुसरीत जाताना दर वेळी रंग बदलतो. रस्त्यापलीकडे किफ्ट्सगेट ही तीन पिढ्यांच्या बायकांनी वाढवलेली बाग आहे. जूनअखेर ते जुलैमध्ये तिथला प्रचंड पांढरा गुलाब फुलतो, झाडावर चढलेला. दोन बागांत दिवस सहज जातो.

परतीचा दिवस: नंदीला भेटून जा

सामान यजमानांकडे किंवा टॅक्सीत ठेवा आणि मोरटनच्या वाटेवर बोर्टन-ऑन-द-हिलला उतरा. नाव नीट पाहा, आधी सांगितलेलं बोर्टन-ऑन-द-वॉटर वेगळं. इथून लाँगबरोपर्यंत दोनेक मैलांची सोपी पायवाट मेंढ्यांच्या कुरणांतून जाते, आणि मध्येच झाडांच्या वर हिरवट तांब्याचा कांद्यासारखा घुमट दिसतो. कोपऱ्यांवर छत्र्या, खिडक्यांवर रुंद छज्जे. ते सेझिंकोट. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलने १८०५ च्या सुमारास आपल्या वास्तुरचनाकार भावाकडून हे मुघल घाटाचं घर बांधून घेतलं. पुढे इंग्लंडच्या राजपुत्राने, म्हणजे नंतरच्या चौथ्या जॉर्जने, ते पाहिलं आणि ब्राइटनच्या राजवाड्याला तसंच रूप दिलं.

बाग आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडी असते, म्हणून आधी पाहून जा. आत ओढ्यावर पूल आहे आणि पुलाच्या कठड्यांवर नंदी बसलेले आहेत. वशिंड, गळ्याचं लोंबतं कातडं, मुडपलेले पाय, सगळं आपल्या देवळातल्यासारखं. वर सूर्याचं छोटं देऊळही आहे. कुरणात मेंढ्या, पावसाची भुरभुर आणि समोर नंदी: मला एकदम गलबलून आलं होतं. आपल्या देशातून आलेला पैसा इथे असा दगडात उभा आहे, याचा रागही येतो आणि नंदीच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटतो. दोन्ही एकाच वेळी.

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी एक जागा आणखी. मोरटनच्या अलीकडचं स्टेशन किंगहॅम, तिथून दीडेक मैलावर डेल्सफर्डचं लहानसं चर्च. त्याच्या आवारात वॉरन हेस्टिंग्ज पुरलेला आहे, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळचा गव्हर्नर जनरल, ज्याच्या कारकिर्दीत १७८२ मध्ये महादजी शिंद्यांमार्फत सालबाईचा तह झाला. तो इथे वारला ऑगस्ट १८१८ मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली होती. शाळेत पाठ केलेल्या सनावळीतलं एक नाव इथे झाडाखाली, पक्ष्यांच्या आवाजात भेटतं. माझा नवरा इतिहासाच्या पुस्तकाला कधी हात न लावणारा, पण तिथून निघेपर्यंत प्रश्न विचारत होता, आणि मी आठवेल तसं सांगत होते.

पाऊसच लागला तर कुढत बसू नका. नाश्ता लांबवा, खिडकीशी बसून पुस्तक वाचा, दुपारी रेनकोट घालून फक्त ब्रॉड कॅम्पडनपर्यंत मैलभर चालून या. तिथल्या नॉर्मन चॅपल या जुन्या घरात भारतीय कलेचे मोठे अभ्यासक आनंद कुमारस्वामी राहत असत. घर खासगी आहे, रस्त्यावरूनच पाहायचं. परत आल्यावर ओले बूट दाराबाहेर काढा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा. सकाळपर्यंत बरेच वाळतात. बऱ्याच यजमानांकडे त्यासाठी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा दाराशीच असतो.